प्रार्थना समाज की सत्यशोधक? कादंबरीतला ‘सुधारक’ नेमका कुठला

एकोणिसाव्या शतकातल्या पुण्या-मुंबईवरची कादंबरी उघडली की ‘सुधारक’ भेटतोच. डोक्याला पगडी, ओठांवर विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण, पाठीशी भाऊबंदांचा बहिष्कार. पण तो कोणत्या जातीचा, पोटासाठी काय करतो, हे कळतच नाही. एका प्रकरणात तो प्रार्थना समाजात बसतो, पुढच्या प्रकरणात सत्यशोधकी बोलायला लागतो. अशा ठिकाणी मला पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं, कारण ही दोन माणसं एकाच आळीत राहणारीसुद्धा नव्हती.

प्रार्थना समाज १८६७ साली मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं सुरू झाला. पुढे न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर त्यात आले. बहुतेक मंडळी इंग्रजी शिकलेली, डॉक्टर, न्यायाधीश, प्राध्यापक. त्यांच्या आधीची परमहंस सभा गुप्त होती. तिथे जात मोडायची म्हणून ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खात. सभासदांची नावं बाहेर फुटली आणि मंडळी पांगली. ती धास्ती पुढच्या पिढीच्या मनात राहिली असावी. प्रार्थना समाजात मूर्तिपूजा नको, तुकोबांचे अभंग हवेत, पण सभासद होण्यासाठी जात सोडण्याची अट नव्हती. म्हणून या सुधारकाचा खरा झगडा घरात चालतो, वडिलांसमोर, सोवळ्याओवळ्यात. पहिली पत्नी गेल्यावर रानड्यांनी विधवेशी लग्न करावं अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. साल १८७३. त्याच रमाबाईंना त्यांनी पुढे शिकवलं, आणि रमाबाई स्वतः मोठ्या कार्यकर्त्या झाल्या. लेखकाला यातून अख्खी कादंबरी मिळेल, फक्त त्याला रानड्यांना नायक किंवा खलनायक करण्याची घाई नको.

त्याच १८७३ च्या २४ सप्टेंबरला पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. इथली माणसं माळी, कुणबी, मराठा, शिवाय मुंबईतले तेलुगू कंत्राटदार. त्यांचा प्रश्नच वेगळा होता : देव आणि माणूस यांच्यामध्ये दक्षिणा घेऊन उभा राहणारा हा कोण? डिसेंबरातच भटाशिवाय लग्न लागलं. अशा लग्नांवरून ओतूरला भटजींनी हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे या सुधारकाचा झगडा मांडवात, गावकीत आणि कचेरीत. देवाला तो ‘निर्मिक’ म्हणेल. १८७७ पासून त्याच्या हाती ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक असेल, आणि १८८४ नंतर तो मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांबरोबर गिरणी कामगारांच्या सभेतही दिसू शकेल.

सगळ्यात जास्त घोळ विधवाविवाहावर होतो. ब्राह्मणांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घराण्यांत विधवेचं लग्न म्हणजे भूकंप होता. पण कुणबी-माळ्यांत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावण्याची (मोहतुराची), चाल जुनीच. त्यामुळे गावातल्या कुणब्याच्या तोंडी ‘विधवेनं लग्न केलं तर काय होईल’ असा थरार घालणं म्हणजे एका आळीचं दुःख दुसऱ्या आळीवर लादणं. फुल्यांनी मात्र ते दुःख आपलं मानलं. १८६३ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. जातीची भिंत ओलांडून गेलेली ही करुणा पानावर उतरायची तर आधी ती भिंत वाचकाला दिसायला हवी.

हे दोन प्रवाह एकमेकांना भेटलेच नाहीत असं मात्र नाही. १८७५ मध्ये पुण्यात आर्य समाजाचे संस्थापक स्वामी दयानंद यांची मिरवणूक निघाली तेव्हा सनातन्यांच्या दंग्याची भीती होती. रानडे त्यात होते, आणि फुले आपली माणसं घेऊन संरक्षणाला आले. दहा वर्षांनी रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण पाठवलं. फुल्यांनी ते नाकारलं : जे सर्व माणसांचे हक्क उघडपणे मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांत आणि पुस्तकांत आमचं जमत नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता.