ट्राइबला कसिनोसाठी दिलेलं कर्ज: फाइल परत का येते, कुठले कागद लागतात

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन क्लायंटची पुस्तकं बघणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण ही फाइल रिव्ह्यूमधून परत आलेली मी खूपदा बघितलीय आणि अडतं त्याच दोन-तीन ठिकाणी.

प्रकार असा की डेव्हलपर कंपनी तिथल्या आदिवासी जमातीच्या म्हणजे ट्राइबच्या सरकारला जमीन, वकील, डिझाइन यासाठी आधीच पैसे देते, पुढे कसिनो चालवायचं कॉन्ट्रॅक्टही (मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्ट) बऱ्याचदा तिलाच मिळायचं असतं, आणि परतफेड होणार ती कसिनोच्या कमाईतून. कसिनो उघडलाच नाही तर पैसे येणार कुठून?

पात्रता सोपी आहे, ट्राइबला केंद्र सरकारची मान्यता हवी. अडतं ते जमिनीवर. 17 ऑक्टोबर 1988 नंतर ट्रस्टमध्ये घेतलेल्या (म्हणजे केंद्र सरकार ट्राइबसाठी स्वतःच्या नावावर ठेवतं त्या) जमिनीवर कसिनो चालत नाही, ठरावीक अपवाद सोडून, त्यामुळे कुठला अपवाद लागू होतो त्याचा कागद फाइलमध्ये पाहिजेच. 'वकील बघतायत' हा कागद नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मॅशपी वाम्पानोआग ट्राइबचं उदाहरण घ्या, सप्टेंबर 2018 मध्ये जमिनीचा निर्णय विरोधात गेला आणि या ट्राइबला पैसे दिलेल्या जेंटिंग मलेशिया कंपनीला ट्राइबच्या नोट्सवर (कर्जरोख्यांवर) 1.83 अब्ज रिंगिटचं इम्पेअरमेंट, म्हणजे किंमत घटल्याचं नुकसान, दाखवावं लागलं. 2021 मध्ये सरकारने परत ट्राइबच्या बाजूने निर्णय दिला. म्हणून हा कागद एकदा लावला आणि झालं असं नाही, दर बॅलन्स शीटला ताजा स्टेटस लागतो.

आता मुदत, सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. राज्याबरोबरचा कॉम्पॅक्ट (कसिनोबद्दल ट्राइब आणि राज्य यांच्यातला करार) केंद्राने 45 दिवसांत नाकारला नाही तर तो कायद्याला धरून असेल तेवढा मंजूर धरला जातो. हाच नियम लोक मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्टला लावून मोकळे होतात! मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्ट सही झाल्यापासून 60 दिवसांत नॅशनल इंडियन गेमिंग कमिशनकडे (ट्राइबच्या कसिनोंवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था) द्यायचा, त्यांना 180 दिवस असतात, वर 90 वाढवता येतात, आणि त्यातही घड्याळ सुरू होतं ते कागद पूर्ण पोचल्यावर. तरीही उत्तर नाही आलं तर मंजुरी मिळत नाही, ट्राइबला कोर्टात जाता येतं इतकंच. त्या मंजुरीशिवाय कॉन्ट्रॅक्ट रद्दबातल.

कमिशनकडे देताना सोबत सह्यांचा मूळ करार, सही करणाऱ्याला अधिकार असल्याचं ट्राइबच्या अध्यक्षांचं पत्र, 3 वर्षांचा बिझनेस प्लॅन आणि ज्यांचा पैसा यात गुंतलाय त्या सगळ्यांची यादी. 5 वर्षांपेक्षा जास्त मुदत किंवा नेट रेव्हेन्यूच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त फी मागत असाल तर कारण लेखी द्या.

नुसतं कर्जच असेल तर कमिशनच्या वकिलांकडून 'हे मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्ट नाही' असं पत्र मागून घ्या. सक्ती नाही, पण घ्याच, प्लीज. लेक ऑफ द टॉर्चेसच्या केसमध्ये 2011 ला अपील कोर्टाने बाँडचा इंडेंचर (बाँडच्या अटींचा करार) हाच मंजुरी नसलेला मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्ट ठरवला, मग त्यातली सॉव्हरिन इम्युनिटी (ट्राइबवर दावा लावता न येण्याचं संरक्षण) सोडल्याची अटही गेली आणि त्या कराराच्या जोरावर वसुलीचा रस्ताच बंद झाला. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत हे पत्र जवळजवळ कधीच नसतं.

एंट्रीचं म्हणाल तर मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्टमध्ये ट्राइबचं किमान हमी पेमेंट आधी जातं, बांधकाम-खर्चाची परतफेड नंतर, आणि तिलाही वरची मर्यादा असते. ट्रस्टची जमीन जप्त होत नाही, म्हणून ती तारण धरून नुकसान कमी दाखवू नका. अपेक्षित क्रेडिट लॉस (कर्ज बुडण्याच्या शक्यतेचं अंदाजी नुकसान) पहिल्या दिवसापासून घ्यायचा, 'नुकसान झालंय असं वाटलं की बघू' हे जुन्या पद्धतीत चालायचं. उरलेल्या नफ्यात मोठा वाटा असेल तर हे कर्ज आहे की गुंतवणूक, हे आधी लिहून ठरवा. आणि मंजुरी लटकलेली असताना व्याज उत्पन्नात धरायचं असेल तर ते येणारच हे कशावरून, याचा मेमो तारखेसकट फाइलला जोडा.