‘द्री’: आयरिश मांत्रिकाच्या नावाचे कूळ

आजच्या आयरिश भाषेत ‘द्री’ म्हणजे मांत्रिक आणि ‘द्रीअख्त’ म्हणजे जादू. जुन्या आयरिशमध्ये हाच शब्द ‘द्रुइ’ असा होता. ज्युलियस सीझरने गॉलमधील, म्हणजे साधारणपणे आजच्या फ्रान्समधील, ज्या ‘ड्रुइड’ वर्गाचे वर्णन केले आहे, त्याचे नाव याच मूळ शब्दावरून आले. यज्ञबळी आणि न्यायनिवाडा या वर्गाच्या हाती असे, आणि त्यांचे काही शिष्य वीस वर्षे केवळ मुखोद्गत विद्या शिकत राहत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक थोरल्या प्लिनीने या नावाचा संबंध ओक वृक्षाच्या ‘द्रूस’ या ग्रीक नावाशी जोडला. पांढरी वस्त्रे नेसलेला ड्रुइड चंद्राच्या सहाव्या दिवशी ओकवर चढून सोन्याच्या विळ्याने बांडगूळ कापतो, हे चित्रही त्याचेच. ग्रीक उगम आता कोणी मानत नाही. ओकचा मुद्दा मात्र पुरता निकालात निघालेला नाही.

शब्दाचा उत्तरार्ध निश्चित आहे. तो ‘जाणणे’ या अर्थाच्या ज्या मूळ इंडो-युरोपीय धातूपासून आला, त्याच धातूपासून आपले ‘वेद’ आणि ‘विद्वान’ हे शब्द आले. पूर्वार्धातील ‘द्रु’ हा संस्कृत ‘दारु’चा, अर्थात ‘देवदार’मधील लाकडाचा, भाऊबंद आहे, परंतु त्याच धातुकुळात ‘दृढ, भक्कम’ हाही अर्थ येतो. म्हणून काही अभ्यासक ‘ओकज्ञानी’ असा अर्थ लावतात, तर काही ‘पक्के ज्ञान असलेला’ असा. मला दुसरा पक्ष अधिक पटतो, कारण जुन्या आयरिशमध्ये याच घडणीचे ‘सुइ’ (चांगले जाणणारा, पंडित) आणि ‘दुइ’ (अजाण) हे शब्द आहेत, आणि त्यांतील ‘सु’ व ‘दु’ हे आपल्या ‘सु’ आणि ‘दुस्’ या उपसर्गांचेच सगे आहेत.

मग ज्ञानी माणसाचा मांत्रिक कसा झाला? पाचव्या शतकात आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजू लागला, तेव्हा विद्येची कामे हळूहळू मठवासी, कवी आणि न्यायपंडित यांच्याकडे गेली आणि ‘द्रुइ’कडे मंत्रतंत्र तेवढे उरले. सातव्या शतकात संत पॅट्रिकचे लॅटिन चरित्र लिहिणाऱ्या मुर्खूने आयर्लंडमधील तारा या राजस्थानच्या दरबारातील ड्रुइडांना ‘मागी’, म्हणजे जादूगार, म्हटले आहे. जखमी माणसाच्या शुश्रूषेचे नियम सांगणाऱ्या एका जुन्या आयरिश कायद्यात तर ड्रुइडाला दरोडेखोर आणि निंदाकवने रचणारा यांच्या पंक्तीत बसवले आहे, आणि त्याचा दर्जा काहीही असला तरी त्याला सामान्य शेतकऱ्याइतकीच शुश्रूषा मिळेल, असे बजावले आहे.