विजोड जोडी (लहान मुलांच्या टीव्हीवरची)

मुलांच्या कार्यक्रमात मुख्य कथेच्या आजूबाजूला वावरणारी, दिसायला आणि स्वभावाने एकमेकांच्या अगदी उलट अशी दोन पात्रं. लॉरेल-हार्डीला जाड्या-रड्या म्हणत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ही कल्पना समजावून सांगायला नको. या जोडीचं मूळ साधारणपणे अमेरिकन वॉदविल (गाणी, नकला, विनोदी प्रवेश यांचा मिश्र कार्यक्रम) रंगमंचावरच्या एक गंभीर, एक गमत्या अशा जोड्यांमध्ये मानतात. टीव्हीवरचं सगळ्यात चांगलं नोंदलेलं उदाहरण म्हणजे 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमातल्या (पहिलं प्रसारण 10 नोव्हेंबर 1969) अर्नी आणि बर्ट या बाहुल्या.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी जुलै 1969 मध्ये चाचणीचे भाग मुलांना दाखवले. कार्यक्रमाचे संशोधक एडवर्ड पामर यांची पद्धत अशी की टीव्हीच्या बाजूला दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवी स्लाइड यायची आणि मुलाची नजर टीव्हीवरून कधी हटते ते कोणीतरी टिपत बसायचं. रस्त्यावरच्या, माणसांच्या प्रसंगात नजर हटायची, कारण खरं आणि काल्पनिक यांची सरमिसळ नको या तज्ज्ञांच्या सल्ल्याने तिथे बाहुल्याच ठेवल्या नव्हत्या, पण अर्नी-बर्ट आले की मुलं खिळून राहायची. मग बिग बर्ड आणि ऑस्कर या बाहुल्यांना रस्त्यावर आणलं.

विजोडपणा बाहुल्यांच्या घडणीतच आहे. बाहुलीकार जिम हेन्सनच्या रेखाटनावरून डॉन साहलिनने त्या बनवल्या, अर्नीचं डोकं आडवं, नारिंगी, स्वेटरवर आडवे पट्टे, बर्टचं उभं, पिवळं, पट्टेही उभे. अर्नीचे हात म्हणजे खऱ्या माणसांचे हात, त्यामुळे त्याला दोन कलाकार लागतात, बर्टचे हात मात्र सळ्यांवर चालतात. एकाचं सैल आणि दुसऱ्याचं ताठ वागणं हातांतूनच दिसतं. सुरुवातीला अर्नी हेन्सन आणि बर्ट फ्रँक ऑझ करायचे, आधी उलटं करून पाहिलं होतं असंही सांगतात.

नावांवरून वाद आहे. 1946 च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' सिनेमात बर्ट नावाचा पोलीस आणि अर्नी नावाचा टॅक्सीवाला आहे, म्हणून नावं तिथूनच आली असं कितीतरी ठिकाणी छापलंय. हेन्सनचे जुने लेखक जेरी जुल यांनी मात्र हा निव्वळ योगायोग असल्याचं सांगितलं. ते आतल्या वर्तुळातले होते, त्यामुळे त्यांचं म्हणणं जास्त धरावंसं वाटतं.

आकर्षण कशात, तर अर्नी म्हणजे मूल आणि बर्ट म्हणजे पालक असं स्पष्टीकरण नेहमी देतात. ते अपुरं आहे, कारण बर्टही बाटल्यांची बुचं आणि पेपरक्लिपा जमवतो, कबुतरांवर जीव टाकतो, म्हणजे तोही मूलच, फक्त नीटनेटकेपणा आवडणारं. अर्नीच्या कानात केळं आहे, बर्ट तेच ओरडून सांगतोय आणि अर्नी म्हणतो ऐकू येत नाही, कानात केळं आहे, हा प्रसंग तीन-चार वर्षांच्या मुलालाही कळतो, आणि इतकं होऊनही रात्री दोघं एकाच खोलीत आपापल्या पलंगावर झोपतात हे तर त्याला फारच आवडतं.

मराठीत चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ याच घडणीचे, दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते केले, पण ती मालिका खास मुलांसाठी नव्हती. 'लोटपोट' या हिंदी बालपत्रिकेतले मोटू-पतलू 2012 पासून निक या मुलांच्या वाहिनीवर आले, तिथे मात्र जोडीच मुख्य आहे.