दिल्ली ते लंडन: अंतर किती, वेळ किती?

दिल्ली आणि लंडन यांच्यातलं हवाई अंतर सुमारे 6,700 किलोमीटर आहे. विमान उंची गाठल्यावर ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे हिशेबाने साडेसात तास होतात. तिकिटावर मात्र जाताना नऊ-दहा तास, कधी त्याहूनही जास्त दिसतात. मुला-नातवंडांकडे पहिल्यांदाच निघालेले आईवडील आम्हाला याचं कारण हमखास विचारतात.

6,700 हा आकडा सर्वांत जवळच्या वाटेचा. ती वाट पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि पुढे रशिया-युक्रेनच्या बाजूने जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. ही बंदी असेपर्यंत भारतीय विमानाला अरबी समुद्रावरून वळसा पडतो, परदेशी कंपनीच्या विमानाला तो पडत नाही. तिकीट घेताना भाड्याबरोबर हेही बघा.

येताना वेळ वाचतो तो वाऱ्यामुळे. विमान उडतं त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, थंडीत तर फारच जोरात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात. परतीचा प्रवास तास-दीड तासाने लवकर आटोपतो.

सगळ्यात जास्त घोटाळा घड्याळाचा होतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. समजा, डिसेंबरात दिल्लीहून दुपारी 2 ला निघालात आणि लंडनला संध्याकाळी 6:30 ला उतरलात. प्रवास साडेचार तासांचा नव्हे, दहा तासांचा झाला, कारण लंडन आपल्या साडेपाच तास मागे आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो. घरच्यांना विमानतळावर बोलावताना लंडनचीच वेळ सांगा.

पुणे-मुंबईकडच्यांना आमचा आग्रहाचा सल्ला: मुंबईहून थेट विमान परवडत असेल तर तेच घ्या. दिल्लीमार्गे जायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर हवेत. तिकिटं वेगळी असली की सामान बहुधा दिल्लीत उतरवून पुन्हा जमा करावं लागतं. शिवाय आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल 3 वरून सुटतात आणि देशातली काही विमानं टर्मिनल 1 ला उतरतात. दोन्हींत चालत जाण्याजोगं अंतर नाही. मध्ये निदान चार तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत दाट धुकं पडतं, तेव्हा त्याहूनही जास्त.

चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच आम्हाला सांगा. औषधं चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदलत्या वेळेप्रमाणे डोस कधी घ्यायचा, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.