कॅप्टन पार्कर, त्याचं घराणं आणि 'मिनिटमन'चा घोळ

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं लेक्झिंग्टन हे गाव. 19 एप्रिल 1775 ला तिथल्या हिरवळीवर इंग्रज सैन्य आणि गावकरी समोरासमोर आले, गोळ्या सुटल्या आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं. गावकऱ्यांचा कॅप्टन होता जॉन पार्कर. हिरवळीच्या टोकाला त्याचा म्हणून बंदूक घेतलेला जो पुतळा आहे त्याला सगळे सर्रास 'मिनिटमन' म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो. 1774 च्या ऑक्टोबरात मॅसॅच्युसेट्सच्या प्रांतिक काँग्रेसने (म्हणजे वसाहतीतल्या लोकांच्या सभेने) गावोगावच्या मिलिशियाला, म्हणजे गावकऱ्यांच्याच हत्यारी तुकड्यांना, सांगितलं की पाव एक लोक वेगळे काढा आणि हाक आली की लगेच निघतील असे तयार ठेवा. ते मिनिटमन. लेक्झिंग्टनने अशी वेगळी तुकडी काढलीच नाही, जॉन पार्करकडे होती ती गावाची जुनीच मिलिशिया, तिला तिथे 'ट्रेनिंग बँड' म्हणायचे (बँड म्हणजे वाजंत्री नव्हे, टोळी). आणि 'कॅप्टन' हा हुद्दाही राजाने दिलेला नाही, गावातल्याच लोकांनी निवडून दिलेला, म्हणजे ज्यांना हुकूम द्यायचा ते सगळे शेजारी नाहीतर नातेवाईक. 19 एप्रिलला मेलेल्यांत त्याचा एक चुलतभाऊ होता आणि जखमींमध्ये प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक काळा गुलाम, हे मात्र पुतळ्यावरून कळत नाही.

बाकी माणूस साधा. जन्म 1729 चा, गाव हेच, शेती आणि जोडीला सुतारकी-यंत्रकाम. 1755 मध्ये लिडिया मूरशी लग्न, सात मुलं, घर हिरवळीपासून दोनेक मैलांवर. एप्रिल 1775 मध्ये वय 45 आणि टीबीने पार पोखरलेला, रात्री एकच्या सुमाराला उठून हिरवळीवर आला, थंडीत लोकांना जमवलं, मग पांगवलं, पहाटे परत जमवलं. त्यानंतर पाच महिन्यांत, 17 सप्टेंबरला, गेला. त्याचं एकही चित्र नाही. 1900 सालच्या पुतळ्यात दिसतो तो धडधाकट गडी शिल्पकाराच्या मनातला.

आता खरा वाद. साधारण 77 माणसं घेऊन तो कित्येक पटीने मोठ्या इंग्रज पलटणीसमोर उभा का राहिला, आणि नेमका हुकूम काय दिला? हिरवळीवरच्या दगडात कोरलेलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं: जागा सोडू नका, आधी गोळी झाडू नका, पण त्यांना लढाईच हवी असेल तर ती इथूनच सुरू होऊ दे. पण त्याने स्वतः सहाच दिवसांनी, 25 एप्रिलला, शपथेवर जे लिहून दिलं त्यात यातलं काहीच नाही. त्यात तो म्हणतो की आम्ही काय करायचं ते ठरवायला जमलो होतो, सैन्याच्या वाटेला जायचं नाही असं ठरलं होतं, आणि ते अचानक समोर आल्यावर मी लगेच पांगायला आणि गोळी न झाडायला सांगितलं. आठ माणसं मेली. मला हीच साक्ष जास्त खरी वाटते, पण तीही निर्मळ नाही, कारण त्या सगळ्या साक्षी लंडनला पाठवण्यासाठीच गोळा केल्या होत्या आणि तिथे आपण निरपराध दिसणं गरजेचं होतं.

पुढे गरज उलटली. त्याच दिवशी लढलेल्या शेजारच्या काँकॉर्ड गावाने 'इंग्रजांना पहिलं खरं उत्तर आम्ही दिलं' असं म्हणायला सुरुवात केली, तेव्हा लेक्झिंग्टनने 1825 मध्ये म्हाताऱ्यांच्या नव्या साक्षी छापल्या, त्यात आमच्याही लोकांनी गोळ्या झाडल्या असं आलं, मग पन्नास वर्षं हे कुठे होतं ते विचारू नका! आणि ते दगडावरचं वाक्य गाजवलं ते नातवाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, घरात ऐकलेलं म्हणून.

हा नातू थिओडोर पार्कर, धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक. 1850 च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यानंतर (पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत द्यायचं, असा तो कायदा) त्याने पळून आलेल्या एका जोडप्याला आसरा दिला आणि थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून कळवलं की मी प्रवचनं लिहितो तेव्हा ड्रॉवरमध्ये भरलेलं पिस्तूल असतं आणि शेजारी आजोबांची बंदूक टांगलेली असते. कायदा मोडायला आजोबांचा आधार हवा असेल तर पांगा म्हणणारा आजोबा काय कामाचा. थिओडोरही 1860 मध्ये फ्लॉरेन्सला टीबीनेच गेला, त्याची आई आणि बरीचशी भावंडं त्याच्या आधी त्याच रोगाने गेली होती. त्याने राज्याला ठेवलेल्या दोन बंदुका, एक आजोबांची आणि एक इंग्रजांकडून हिसकावलेली, आजही बॉस्टनच्या सिनेट सभागृहात टांगलेल्या आहेत.

घराण्यातली माझी आवडती गोष्ट मात्र बंदुकीची नाही. ज्या लाकडी घंटाघरातून त्या रात्री घंटा वाजली ते 1797 मध्ये कॅप्टनच्या मुलाने विकत घेतलं, शेतावर ओढत नेलं आणि तिथे चाकं बनवायचं दुकान थाटलं. पुढे घंटाघर म्हणून त्याची आठवण झाली, परत गावात आणलं, तर 1909 मध्ये वादळाने पाडलं. आता उभं आहे ते नंतर बांधलेलं.