एका दिवसाचा हंगाम आणि माशाच्या पोटातील वायू

2024 साली 12 जुलैला, शुक्रवारी, अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील हौशी मासेमाऱ्यांना 'रेड स्नॅपर' हा मासा पकडून घरी नेण्याची मुभा मिळाली. तीही फक्त त्या एका दिवसापुरती आणि माणशी एकच मासा. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या, केंद्र सरकारच्या अखत्यारीतील समुद्रात वर्षाचे उरलेले 365 दिवस (ते लीप वर्ष होते) हा मासा गळाला लागला तरी परत सोडून देणे बंधनकारक होते. हा मासा आपल्या तांबोशीचा भाऊबंद. बंदी जितकी लांब तितके मासे अधिक वाचतात, असे कोणालाही सहज वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही आणि त्याचे कारण माशाच्या पोटात आहे.

रेड स्नॅपरच्या कण्याखाली वायूने भरलेली एक पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. तिच्या आधाराने मासा फारसे श्रम न करता एका खोलीवर स्थिर राहतो. रोहू-कटला यांच्या वाताशयातून घशाकडे नळी जाते, त्यामुळे जादा वायू त्यांना तोंडावाटे सोडता येतो. रेड स्नॅपरची पिशवी मात्र पूर्ण बंद असते. मग तिच्यात वायू भरतो कसा? पिशवीच्या भिंतीतील वायुग्रंथीच्या पेशी लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता वाढली की रक्तातील हीमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सुटते. या ग्रंथीकडे रक्त नेणाऱ्या आणि तिच्याकडून परत आणणाऱ्या अतिसूक्ष्म वाहिन्या एकमेकींना खेटून, पण उलट दिशांनी वाहतात. त्यामुळे परतीच्या रक्तातून निसटू पाहणारा वायू शेजारच्या वाहिनीत झिरपून पुन्हा ग्रंथीकडेच वळतो. अशा फेऱ्यांमागून फेऱ्या होत वायूचा दाब इतका चढतो की भोवतालच्या पाण्याच्या दाबावर मात करून तो पिशवीत शिरतो. इतकी नेटकी यंत्रणा निसर्गात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. तिची एकच अडचण आहे: पिशवीतील वायू पुन्हा रक्तात शोषला जायला बराच वेळ लागतो.

गळ टाकणारा तेवढा वेळ देत नाही. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एक वातावरणाने (पृष्ठभागावरील हवेच्या दाबाइतका) वाढतो, म्हणजे 40 मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट असतो. तिथला मासा एक-दोन मिनिटांत वर ओढला, तर बॉइलच्या नियमानुसार तोच वायू पाचपट जागा मागतो. पिशवी फाटते, वायू पोटाच्या पोकळीत पसरतो, डोळे बाहेर येतात आणि तोंडातून गुलाबी फुग्यासारखे काहीतरी डोकावू लागते. हा फुगा म्हणजे वाताशय, असे समजून अनेकजण त्याला सुई टोचतात. तो असतो माशाचा जठर, आणि त्याला भोक पाडणे म्हणजे आणखी एक जखम करणे. सोडून दिलेला असा मासा खाली जाऊ शकत नाही. तो पोट वर करून तरंगत राहतो आणि शार्क, डॉल्फिन किंवा पक्ष्यांच्या तोंडी पडतो.

त्याच खडकांवर इतर जातींचे मासे धरण्याची परवानगी वर्षातील बराच काळ असते आणि गळाला माशांची जात कळत नाही. त्यामुळे बंदीच्या दिवसांतही रेड स्नॅपर वर येतातच, परत सोडले जातात आणि त्यांतले बरेच मरतात. अमेरिकी हौशी मासेमारांत होडीवर केळे असले की मासा लागत नाही अशी समजूत आहे. माशाचे मरण मात्र शकुन-अपशकुनावर नव्हे, तर खोली आणि दाब यांवर ठरते.

एका दिवसाच्या हंगामाचा दुसरा दोष माणसांच्या जिवाशी निगडित आहे. जुलै हा तिथे चक्रीवादळांच्या मोसमातील महिना आहे आणि फ्लोरिडात दुपारच्या गडगडाटी वादळांचाही. वर्षातून एकच दिवस मिळत असेल, तर वारा वाढलेला दिसूनही लहान होडीचा मालक घरी थांबत नाही. मोठ्या, वेगवान होडीचा मालक निदान लवकर परतू शकतो. आणि शुक्रवारी ज्याला रजा मिळत नाही, त्याच्यासाठी हंगाम उगवतच नाही. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यात प्रजननाबरोबर खवळलेल्या समुद्राचाही विचार आहे. तिथे 2024 मध्ये नेमके त्याच काळात सर्वांना एकाच दिवशी समुद्रात लोटले गेले.

माझ्या मते दिवस मोजण्याऐवजी मासे मोजावेत. परवानाधारकांना सोडतीने ठरावीक बिल्ले द्यावेत आणि सहा महिन्यांत हवामान चांगले असेल त्या कोणत्याही दिवशी एका बिल्ल्यावर एक मासा नेऊ द्यावा. फ्लोरिडात टार्पन मासा ठेवून घेण्यासाठी असा बिल्ला आजही लागतो. जोवर दिवसांचेच हंगाम आहेत, तोवर वादळाने बुडालेले दिवस भरून द्यावेत; 2016 मध्ये कोलिन या वादळानंतर मेक्सिकोच्या आखातातील रेड स्नॅपरचा हंगाम दोन दिवसांनी वाढवण्यात आला होता, म्हणजे हे अशक्य नाही. पहिला लागलेला मासाच ठेवायचा आणि मोठ्याच्या आशेने लहान मासा परत टाकायचा नाही, ही अट त्याबरोबर हवी.

तरीही काही मासे सोडावेच लागतील. 2020 पासून या किनाऱ्यावर मासा खोलवर उतरवणारे साधन होडीवर तयार ठेवणे सक्तीचे आहे. माझी मागणी अशी की, दाबाची लक्षणे दिसणाऱ्या प्रत्येक माशासाठी ते वापरणेही सक्तीचे करावे. त्याला महागडे यंत्र लागत नाही. दोरी आणि वजन बांधलेला प्लॅस्टिकचा क्रेट उलटा करून माशावर पालथा घालतात आणि खाली सोडतात. 10 मीटरवर पोहोचताच वायू निम्म्या जागेत मावतो, 20 मीटरवर एक तृतीयांश. तळाजवळ मासा स्वतःच शेपटी हलवतो आणि क्रेटच्या उघड्या बाजूने खडकाकडे निघून जातो.