अळणीच्या वाटीत प्रोटीन किती?

तापातून उठलेल्या किंवा वयामुळे जेवण कमी झालेल्या माणसाला कोल्हापुरात आधी मटणाची गरम अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखट पाणी, देतात. तोंडाला चव येते, पोटात पाणीही जातं. प्रोटीन मात्र बहुतेक फोडींतच राहतं. अळणीत उतरतं ते मुख्यतः जिलेटिन, म्हणजे हाडा-सांध्यांतून सुटणारं प्रोटीन. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे नुसत्या त्यावर स्नायू भरून येत नाहीत. वाटीभर अळणीनेच पोट भरलं, तर फोडी ताटातच राहतात.

म्हणून फोडीही त्यातच घाला. शिजलेलं, हाडं काढलेलं ५० ग्रॅम मटण अर्धी वाटी अळणीबरोबर मिक्सरला बारीक फिरवा. साधारण १२ ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि चावावं लागत नाही. हाडाची कपची राहिली नाही ना, हे फिरवण्याआधी बोटांनी चाचपून बघा.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. साठीनंतर तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. वय झालेले स्नायू थोड्याशा प्रोटीनला नीट दाद देत नाहीत. त्यामुळे ताट लहान असलं तरी चालेल, पण त्यातला प्रत्येक घास दाट हवा आणि प्रोटीनचा घास आधी पोटात जायला हवा. साबुदाण्याच्या खिरीत प्रोटीन असतं ते फक्त दुधाचं. पातळ आमटीपेक्षा घट्ट वरण बरं. ३० ग्रॅम मूगडाळीतून सात ग्रॅम मिळतात.

समोर म्हैस पिळून देतात त्या दूध कट्ट्यावरचं ताजं दूध असलं तरी आजारी माणसाला उकळूनच द्या. पेलाभर (२०० मिली) दुधात सात-आठ ग्रॅम असतात. १५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर घातली की आणखी पाच वाढतात. पावडर थेट गरम दुधात टाकली तर गुठळ्या होतात. आधी थोड्या कोमट दुधात कालवा. पेला एका दमात संपत नसेल तर तासाभरात घोटघोट पाजा, पण जेवणाच्या तोंडावर नको.

तालमीतल्या सवयीने दुधात कच्चं अंडं फोडून देऊ नका. शिजलेल्या अंड्यातलं सुमारे ९० टक्के प्रोटीन अंगी लागतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. शिवाय साल्मोनेला या जंतूची भीती. त्यापेक्षा फेटलेलं अंडं उकळत्या वरणात बारीक धारेने सोडा, ढवळत राहा आणि दोन-तीन मिनिटं शिजू द्या. सहा ग्रॅम वाढतात.

एकूण खाणंच कमी पडलं तर शरीर हे प्रोटीनही इंधन म्हणून जाळतं. म्हणून वरणावर चमचाभर तूप, दुधात गूळ किंवा साखर घालायला काचकूच करू नका. मधुमेह असेल तर गोड सोडून तूपच.

किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. डायलिसिसपूर्वी ते बऱ्याचदा कमी ठेवतात, डायलिसिस सुरू झाल्यावर वाढवतात. महिन्यात वजन पाच टक्क्यांनी उतरलं किंवा गिळताना ठसका लागायला लागला, तर घरचे उपाय करत न बसता लगेच दवाखाना गाठा.